धक्क्यापासून गाव किती लांब?

यंदाच्या हळदीकुंकवाला आमच्या गल्लीत तिळगुळाच्या जोडीने एक रंगीत माहितीपत्रक हातोहात फिरत होतं. सिंगापूरहून निघणारी क्रूझ, मध्ये दोन बंदरं, जेवणखाण तिकिटातच आणि पैसे हप्त्याने भरायची सोय. पूर्वी आमच्या तालुक्याच्या गावातून बायका फार तर अष्टविनायक नाही तर चारधामला जायच्या. आता भिशीचे पैसे साठवून क्रूझचे बेत होतात. मला यात काही वावगं वाटत नाही. मी आणि माझ्या थोरल्या नणंदबाई २०२४ च्या नोव्हेंबरात हीच वारी करून आलो. त्यामुळे त्या दिवशी सगळ्याजणी मलाच घेरून बसल्या आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता. बोट बंदराला लागली की बोटवाल्यांच्या बसने फिरायचं, की आपलं आपण?

वरवर पाहता हा हौशी प्रवाशांचा प्रश्न. पण गेल्या दोन वर्षांतल्या दोन बातम्या वाचल्या, की तो तेवढा हलकाफुलका राहत नाही.

पहिली बातमी मार्च २०२४ ची. आफ्रिकेच्या पश्चिमेला साओ टोमे नावाचं एक छोटं बेट आहे. तिथे थांबलेल्या एका मोठ्या जहाजावरचे आठ प्रवासी बाहेरच्या माणसाची सहल घेऊन बेट बघायला गेले आणि परतायला त्यांना तासाहून जास्त उशीर झाला. जहाज अजून समुद्रात नांगर टाकून उभं होतं, डोळ्यांसमोर दिसत होतं. तिथल्या तटरक्षकांनी त्यांना होडीतून जहाजापर्यंत नेलंसुद्धा. पण त्यांना वर घेतलं नाही. त्यांत एक गरोदर बाई होती, काही वयस्क होते. मग देशामागून देश ओलांडत त्यांनी जहाजाचा पाठलाग केला. गाम्बियाला पोहोचले तर भरतीओहोटीमुळे जहाज तिथे लागलंच नाही, शेवटी सेनेगलला ते गाठलं. कंपनीचं म्हणणं असं की वेळेवर परतणं ही प्रवाशाची जबाबदारी. नियमाने ते बरोबरच होतं.

ही बातमी वाचून कुणीही म्हणेल, झालं तर मग, बोटवाल्यांच्याच सहलीने जावं. कारण तिथे नियम उलटा आहे. जहाजाच्या सहलीची बस रस्त्यात अडकली तर जहाज थांबतं, आणि अगदीच थांबता आलं नाही तर पुढच्या बंदरात नेऊन सोडण्याची जबाबदारी कंपनी घेते. जास्तीचे पैसे आपण मोजतो ते या भरवशाचे.

पण दुसरी बातमी ऐका. ऑक्टोबर २०२५. ऑस्ट्रेलियात लिझार्ड आयलंड नावाच्या बेटावर जहाजानेच काढलेल्या पायी सहलीत ऐंशी वर्षांच्या एक आजी होत्या. त्यांच्या मुलीने सांगितल्याप्रमाणे, टेकडी चढताना त्यांना बरं वाटेना, तेव्हा त्यांना एकटीलाच खाली परत जायला सांगितलं. संध्याकाळी जहाज सुटलं. त्या जहाजावर नाहीत हे रात्री लक्षात आलं. जहाज मागे फिरलं, शोध झाला आणि दुसऱ्या दिवशी बेटावर त्यांचा मृतदेह सापडला. सरकारी चौकशी लागली, पुढचा सगळा प्रवास रद्द झाला.

म्हणजे बघा, एकीकडे आपलं आपण गेलेले मागे राहिले आणि दुसरीकडे वाटाड्याबरोबर गेलेली बाई मागे राहिली. ‘ग्रुपबरोबर गेलं की काळजी नाही’ हे आपल्या घरातलं पेटंट वाक्य इथे पुरं पडत नाही. ग्रुपमध्ये डोकी मोजतं कोण, हे आधी विचारायला हवं.

मला हे बातम्यांच्या आधीच कळलं होतं, वन्संमुळे. आमच्या वन्सं जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका होत्या. यजमान गेल्यावर चार वर्षं घराबाहेर पडल्या नव्हत्या. क्रूझची तिकिटं त्यांच्या मुलाने काढली, आणि काढतानाच बजावलं, ‘आई, मामी, कुठेही एकट्या उतरू नका, ग्रुपबरोबरच राहा.’ एजंटही तेच म्हणाला. सगळं इन्क्लुडेड आहे असं तिकिटं काढताना सांगणारा हा गृहस्थ निघायच्या आठ दिवस आधी म्हणतो, साइटसीइंग वेगळं, टिप्स वेगळ्या. दोन्ही बंदरांचं मिळून माणशी बारा-तेरा हजार होत होते. वन्सं पेन्शनीतून खर्च करणाऱ्या. म्हणाल्या, ‘अगं, एवढ्यात आमच्या शाळेची एक खोली रंगवून होते.’

पहिलं बंदर पोर्ट क्लांग. माहितीपत्रकावर मात्र मोठ्या अक्षरांत ‘क्वालालंपूर’ आणि जुळ्या मनोऱ्यांचा फोटो. प्रत्यक्षात जहाज लागतं ते मालवाहू बंदराच्या बेटावर, आणि क्वालालंपूर तिथून चाळीस-पन्नास किलोमीटर लांब. आसपास बघायला कंटेनरच कंटेनर. तिथे मी वन्संना म्हटलं, ‘इथे पैसे वाचवायचे नाहीत.’ आम्ही बोटवाल्यांची बस घेतली, आणि ते योग्यच झालं. परतताना असा पाऊस कोसळला की हमरस्त्यावर गाड्या हलेनात. आमची बस पाऊण तास उशिरा आली, तरी बसमध्ये लोक निवांत घोरत होते. आमच्या जहाजावरचं एक गुजराती कुटुंब बाहेरून व्हॅन करून गेलं होतं. ते धक्क्यावर पोहोचलं तेव्हा त्यातल्या सूनबाई अक्षरशः रडत होत्या. चार-पाच मिनिटांनी वाचले.

पण त्या बसची दुसरी बाजूही सांगते. बाटू गुंफांपाशी मुरुगनची भलीमोठी सोनेरी मूर्ती आहे आणि वर जायला २७२ पायऱ्या. गाइडने चाळीस मिनिटं दिली. वन्संचे गुडघे काही त्या पायऱ्यांना राजी होईनात, म्हणून त्या खालीच बसल्या. मी धापा टाकत वर जाऊन आले, मनोभावे हात जोडायलाही सवड नव्हती. चॉकलेटच्या दुकानात मात्र पाऊण तास! जुळ्या मनोऱ्यांपाशी वीस मिनिटं. आणि त्या दुकानातून निघताना गाइडने बसच्या दारात उभं राहून नुसतं विचारलं, ‘सगळे आले ना?’ पुढच्या चारजणांनी मान हलवली, बस सुरू झाली. मागच्या सीटवरच्या एक सोलापूरकडच्या काकू अजून स्वच्छतागृहाच्या रांगेत होत्या. बायकांची रांग कायमच लांब, हे जगात कुठेही जा, सारखंच. वन्सं उठल्या, मराठीतच कडाडल्या, ‘थांबा!’ आणि पहिल्या सीटपासून बोट करत मोजायला लागल्या. एक, दोन, तीन, चार... एक्केचाळीस. एक कमी. त्यानंतर दिवसभर गाइड बस हलवण्याआधी वन्संकडे बघायचा.

मी नंतर त्यांना म्हटलं, ‘वन्सं, तुम्ही होतात म्हणून.’ तर म्हणतात, ‘अगं, तीस वर्षं चौथीच्या सहली काढल्या मी. मूल मोजायचं ते डोक्यावर हात ठेवून. आवाजावर विश्वास ठेवायचा नाही.’

दुसरं बंदर पेनांग. इथे मात्र चित्रच वेगळं. जहाज लागतं तो स्वेटनहॅम धक्का जॉर्जटाउन या जुन्या शहराला अगदी खेटून आहे. २००८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेला भाग तो हाच. धक्क्याबाहेर आलं की समोर व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा मनोरा, वर्षाला एक फूट याप्रमाणे साठ फूट उंच. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीने तो थोडा कललाय. पायी दहा-बारा मिनिटांवर लिटल इंडिया. आणि बोटवाले याच गावच्या बस-सहलीचे माणशी साडेपाच हजार घेत होते! मी आदल्या रात्रीच वन्संना सांगितलं, उद्या आपण चालायचं. त्यांनी मुलाच्या सूचनेची आठवण करून दिली. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, ‘त्याला सांगायचं नाही परत जाईपर्यंत.’ बासष्ट वर्षांची बाई मुलापासून लपवून गाव बघायला निघाली होती. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

तो दिवस आम्ही कसा घालवला ते सांगायला दोन पानं लागतील. एकाच रस्त्यावर जुनं चर्च, चिन्यांच्या करुणादेवीचं देऊळ, १८३३ सालचं महामारिअम्मनचं देऊळ आणि कपितान केलिंग मशीद. देवळाजवळ मोगऱ्याचे गजरे विकणारी एक तमिळ बाई होती. तिला ना हिंदी, ना आम्हाला तमिळ. वन्संनी तिच्याशेजारी बसून तिचं गजरा गुंफणं बघितलं, मग स्वतः दोन पेरं गुंफून दाखवली. ती एवढी हसली की शेजारची दुकानदारीण बाहेर आली. केळीच्या पानावरचं जेवण दोघींचं मिळून सहाशे रुपयांच्या आत झालं. एकदा रस्ता चुकलो. सायकलरिक्षावाल्याने आम्हाला बऱ्यापैकी गंडवलं. पेनांग हिलची ती उतारावरची रेल्वे आणि टेकडीवरचं मोठं बौद्ध मंदिर राहिलंच, कारण ते लांब. गाइड नसल्याने कुठल्या इमारतीचं काय महत्त्व ते निम्म्या ठिकाणी कळलं नाही, हेही कबूल करते. पण जिथे बसावंसं वाटलं तिथे बसलो. स्वच्छतागृहाला जायचं तर कुणाची परवानगी नको. आणि परत फिरलं की तो कललेला मनोरा दिसायचा, म्हणजे धक्का आला.

घड्याळाची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथेच भले भले फसतात. जहाज सुटायची वेळ आणि वर परतायची शेवटची वेळ या दोन वेगळ्या वेळा असतात, दुसरी आधीची. शिवाय जहाजावरचं घड्याळ गावातल्या घड्याळाप्रमाणे चालेलच असं नाही. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एक आहे, पण पुढे थायलंडला फुकेतला गेलात तर तिथली वेळ एक तास मागे. जहाजाने आपलं घड्याळ सिंगापूरचंच ठेवलं आणि तुमच्या मोबाइलने आपोआप थायलंडची वेळ घेतली, तर तुम्ही चार वाजलेत म्हणून चहा पीत बसाल आणि जहाजावर पाच वाजलेले असतील. म्हणून हातात साधं घड्याळ, जहाजाच्या वेळेला लावलेलं. जहाजाच्या रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, तो कागदावर उतरवून पर्समध्ये. आम्ही ठरवलेल्या वेळेच्या दीड तास आधीच परतलो, तेव्हा वन्संनी माझ्यावर डोळे वटारले. आणखी एक चहा झाला असता, म्हणे.

आता यात पैशाचंही राजकारण आहे. हजारो माणसं सकाळी उतरतात, बसमध्ये बसतात, ठरलेल्या दुकानात जातात आणि संध्याकाळी निघून जातात. गावाच्या वाट्याला गर्दी आणि कचरा येतो, पैसा मात्र थोडक्यांच्या खिशात. म्हणूनच बंदरगावं आता अडून बसली आहेत. व्हेनिसने २०२१ मध्ये मोठ्या जहाजांना शहराच्या मध्यातून जायला बंदी केली. डुब्रोवनिकने २०१९ पासून जहाजांची संख्या आवरली. ग्रीसने जुलै २०२५ पासून सान्तोरिनी आणि मिकोनोस या बेटांवर उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर ऐन हंगामात माणशी २० युरोचा कर लावला. हा कर तुम्ही बसने फिरा नाही तर पायी, द्यावाच लागतो. तेव्हा युरोपचा बेत असेल तर तिकिटात तो धरलाय का, हे आधी विचारा. त्या गजरेवालीकडे आमचे पंचवीस-तीस रिंगिट गेले असतील, पण ते थेट तिच्या हातात गेले. बसमधून गेलो असतो तर ते चॉकलेटच्या दुकानात गेले असते.

बचत गटाचं काम करते म्हणून माझं लक्ष आपल्याकडेही जातं. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईतूनच क्रूझ भारत मिशन सुरू केलं, २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करायचे आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरला नवं क्रूझ टर्मिनल झालं, वर्षाला दहा लाख प्रवाशांच्या क्षमतेचं. तिथून सीएसएमटीची ती देखणी इमारत आणि फोर्टचा भाग पायी जाण्यासारखा. म्हणजे मुंबईत उतरणाऱ्या परदेशी बाईपुढे पेनांगचाच प्रश्न आहे. तिला चालावंसं वाटेल असा फुटपाथ, वापरण्याजोगं स्वच्छतागृह आणि बाहेर पडल्या पडल्या अंगावर न येणारे टॅक्सीवाले आपण देणार, की तिला वातानुकूलित बसमध्ये बसवून थेट मोठ्या दुकानात नेणार? आमच्या गटातल्या बायका गोधड्या शिवतात. त्यांना टर्मिनलवर एखादं टेबल मिळेल का, म्हणून मी चौकशी सुरू केली आहे. अजून कुणी नाही म्हटलेलं नाही, हो पण नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी हे सगळं सांगून झाल्यावर पाचजणींनी त्याच एजंटकडे नावं घातली. पुढच्या वेळी मुंबईहून कोचीला जावं म्हणून वन्संही माझ्याबरोबर त्याच्या ऑफिसात आल्या होत्या. त्याने नेहमीप्रमाणे बुफेचे फोटो दाखवायला सुरुवात केली. वन्संनी चष्मा वर सारला आणि विचारलं, ‘ते राहू द्या. धक्क्यापासून गाव किती लांब? आणि परत निघताना डोकी कोण मोजतं?’

तो म्हणाला, ‘विचारून सांगतो मॅडम.’ त्याला आता तीन आठवडे झाले. वन्सं दर सोमवारी फोन करतात.