जुन्या फियाटला नवे इंजिन घालावे काय?

दिवाळी अंकासाठी या सदरात काही खुसखुशीत लिहावे असा आमचा बेत होता. पण टपालात नगरच्या एका वाचकभगिनींचे सहा पानी पत्र आले आणि बेत बदलला. प्रश्न मोटारीचा आहे. पण वाचता वाचता ध्यानात आले की तो निम्मा मोटारीचा आणि निम्मा घराचा आहे. असे प्रश्न एकाच घरात पडत नाहीत. म्हणून उत्तर खासगी पत्राने न धाडता येथेच देत आहोत.

पत्राचा मथितार्थ असा. बाईंचे आजेसासरे नगरात डॉक्टर होते. त्यांनी १९५८ साली फियाट ११०० घेतली. पुढची दारे उलटी उघडणारी, गोल पाठीची, लोक जिला लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हणतात तीच ही. सासूबाई १९६३ साली लग्न होऊन संगमनेरहून नगरला आल्या त्या याच गाडीतून. आज त्यांचे वय ब्याऐंशी आहे. दर नवरात्रात या गाडीतून पाथर्डीजवळ मोहट्याच्या देवीला जायचे, हा त्यांचा नेम. यंदा करंजीच्या घाटात गाडी उकळली. सासूबाई दीड तास रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिल्या आणि अखेर कुणाच्या तरी जीपमधून दर्शनाला गेल्या. घरी आल्यावर एवढेच म्हणाल्या, “आता पुढच्या वर्षी काही माझे जाणे होत नाही.”

तेव्हापासून घरात तीन पक्ष पडले आहेत. यजमान म्हणतात, जुने इंजिन काढून आजच्या एखाद्या गाडीचे इंजिन बसवून घेऊ. गॅरेजवाला तयार आहे. पुण्याचे थोरले दीर म्हणतात, बाबांच्या गाडीला हात लावाल तर खबरदार! इंजिनिअरिंगला असलेले चिरंजीव म्हणतात, इंजिनच नको, बॅटरी आणि मोटर बसवू. आणि बाई विचारतात, “मी कोणाचे ऐकावे?”

यजमानांची बाजू आधी मांडू. कारण ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्यांपुढे ती उगाच फिकी पडते. गाडी तीच ठेवून इंजिन बदलणे हा काही अधर्म नव्हे. अँबॅसडर १९५७ पासून २०१४ पर्यंत निघत होती. तोंडवळा थोडाफारच बदलला. पण पोटात आधी साइड-व्हॉल्व्ह इंजिन होते, मग ओव्हरहेड-व्हॉल्व्ह आले, मग डिझेल आले आणि १९९० नंतर जपानी इसुझुही आले. नगरकरांना तर उदाहरणासाठी गावाबाहेर जायलाच नको. १९९४ साली उघडलेल्या रणगाडा संग्रहालयात शर्मन रणगाडा उभा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने या शर्मनच्या निरनिराळ्या जातींत काय काय बसवले! एकीत विमानाचे गोल इंजिन, दुसरीत डिझेल इंजिनांची जोडी, तिसरीत फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन. आणि एकीत तर मोटारींची पाच इंजिने एकत्र जुंपून केलेले तीस सिलिंडरांचे धूड. त्या धुडासाठी रणगाड्याची लांबी वाढवावी लागली, हे मात्र यजमानांनी ध्यानात ठेवावे. त्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

एस. टी.चेही तसेच. महाराष्ट्रातली पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर धावली. ती बेडफर्ड गाडी होती. १ जून २०२२ रोजी त्याच रस्त्यावर विजेची ‘शिवाई’ सुरू झाली, तेव्हा बेडफर्डच्या इंजिनासाठी कोणी डोळे पुसले नाहीत. रणगाड्याने लढायचे, एस. टी.ने माणसे पोचवायची. ते काम होत असेल तर आत कोणते इंजिन आहे याची चौकशी कोण करतो?

मग आपल्या फियाटचे काम काय? प्रश्नाची गाठ येथे आहे. मोहट्याला कोणतीही टॅक्सी जाते. यंदाही दर्शन घडलेच, तरी सासूबाईंच्या मनाला ते लागले. म्हणजे नुसते पोचणे त्यांना नको होते. या गाडीने पोचणे हवे होते. मोटारी दोन प्रकारच्या असतात, एक कामाची आणि एक ठेवीची. कामाच्या गाडीचे इंजिन खुशाल बदलावे. ठेवीच्या गाडीत मात्र इंजिन हा ठेवीचाच भाग असतो. त्याचा आवाज, स्टिअरिंगला लावलेला गिअरचा दांडा, चढावर लागणारा दम, हे सगळे गेले तर उरते ती पत्र्याची पेटी.

नगरच्याच लुनाचे पाहा. कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली ती पन्नास सी.सी.ची मोपेड काढली आणि निम्म्या महाराष्ट्राला दुचाकीवर बसवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवरची ‘ई-लुना’ बाजारात आली. नाव जुने घेतले. वाहन मात्र पुन्हा नव्याने बांधले. जुन्या सांगाड्यात नवी मोटर कोंबण्याच्या भानगडीत कारखानदारही पडत नाहीत, ते उगाच नाही.

आता लोखंडाकडे वळू. फियाट ११०० चे इंजिन १०८९ सी.सी.चे, ताकद चाळीस घोड्यांच्या आसपास. बाकीचे सारे अवयव या चाळीस घोड्यांच्या मापाने केलेले आहेत. चारही चाकांना ड्रम ब्रेक, टायर अरुंद, मागचा ॲक्सल हलका. आजच्या साध्या गाडीचे इंजिनही याच्या दुप्पट ताकदीचे असू शकते. ते बसवल्यावर गाडी पळेल नव्या जोराने आणि थांबेल जुन्या ब्रेकने. करंजीचा घाट चढताना मौज वाटेल, उतरताना काय?

शिवाय इंजिन एकटे येत नाही. त्याच्याबरोबर त्याचा गिअरबॉक्स येतो, आणि त्याचा दांडा खाली असल्यामुळे गाडीचा तळ कापावा लागतो. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचे इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते. फियाटचे उभे बसते आणि प्रोपेलर शाफ्टने मागची चाके फिरवते. म्हणजे जुळवणीची प्लेट करून घ्या, शाफ्टची लांबी बदला, माउंटिंग वेल्ड करा. नव्या इंजिनाला कारबोरेटर चालत नाही. त्याला दाबाने पेट्रोल पुरवणारा पंप, अनेक सेन्सर आणि हुकूम सोडणारा छोटा संगणक लागतो. शर्मनची लांबी वाढली ती अशीच. एका पाहुण्याला जागा करायची म्हणून साऱ्या वाड्याच्या भिंती हलवाव्या लागतात, आणि कापलेला पत्रा पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

कायद्याचेही ऐकून घ्यावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, कारखान्याने दिलेल्या मूळ वर्णनाशी नोंदणीपत्रक जुळणार नाही असा फेरफार मालकाला करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. नियमबाह्य फेरफाराला पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करण्याचा धोका त्याहून मोठा. चिरंजीवांच्या बॅटरीला कायद्याने दार ठेवले आहे, पण त्या त्या मॉडेलसाठी मंजूर झालेले किटच बसवता येते. अशा चाचण्यांसाठी सरकारने नेमलेल्या संस्थांत पुण्याची ए. आर. ए. आय. आहे, तशी खुद्द नगरची व्ही. आर. डी. ई.ही आहे. १९५८ च्या फियाटसाठी मंजूर झालेले किट चिरंजीवांनी आधी दाखवावे, मग पुढचे बोलणे.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा, ही त्यातली अट. नवे इंजिन घातले की हा मान गेला. पण थोरल्या दिरांनीही एवढ्याने हुरळून जाऊ नये! व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामापुरतीच ती बाहेर काढायची. म्हणजे मोहट्याची वारी बंदच. तेव्हा आहे तीच साधी नोंदणी ठेवून तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करणे बरे.

मग गाडी उकळली त्याचे काय? ताई, गाडी तापली म्हणजे इंजिन संपले असे होत नाही. याच इंजिनाने तो घाट इतकी वर्षे चढून दाखवला आहे. जड पाण्याने घरच्या बंबात जसा क्षार धरतो, तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत धरतो, आणि बोअरचे पाणी गाडीत ओतण्याची सवय घरोघरी असते. रेडिएटर सोडवून साफ केला का? सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या आहेत का? पंख्याचा पट्टा, पाण्याचा पंप, इग्निशनचे टायमिंग पाहिले का? हे झाल्यावर चारही सिलिंडरांचे काँप्रेशन मोजून आकडे कागदावर घ्यावेत. आकडे चांगले आणि सारखे असतील तर इंजिन उतरवूच नये. कमी भरले तर बोअर करून रिंग-पिस्टन बदलावेत, व्हॉल्व्ह बसवून घ्यावेत. प्रीमियर पद्मिनी २००० सालाच्या सुमारास बंद झाली, तोवर तिच्यात याच घराण्याचे १०८९ सी.सी.चे इंजिन होते. म्हणून इतर जुन्या गाड्यांपेक्षा या गाडीचे सुटे भाग शोधणे सोपे.

एक गोष्ट मात्र काळाप्रमाणे बदलावीच लागेल. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना ते गोड लागेल. जुन्या रबराला ते कडू लागते. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घालावेत, आणि टाकीत महिनोन् महिने पेट्रोल साठवू नये. शिसेयुक्त पेट्रोलही २००० साली बंद झाले. तेव्हा कधी हेड उतरलेच तर व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवून घ्याव्यात.

आता अखेरचा, आणि आमच्या मते पहिला प्रश्न. गाडी कोणाची? पत्राच्या शेवटी बाईंनी जाता जाता लिहिले आहे की, सासरे जाऊन पाच वर्षे झाली, पण आर. सी. बुक अजून त्यांच्याच नावावर आहे. मग इंजिन काढणारे यजमान कोण, आणि अडवणारे थोरले दीर तरी कोण? मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे सासूबाई, दोघे भाऊ आणि नाशिकच्या नणंदबाई असे चौघेही सारख्या वाट्याचे धनी. मालक वारल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसाच्या नावे नोंदणीचा अर्ज करायचा असतो. तो राहिला आहे, तो आता करावा, आणि बाकी वारसांच्या संमतीने गाडी सासूबाईंच्या नावे करावी. दोघा भावांचा निम्मा वाद तेथेच मिटेल.

आणि ताई, राग मानू नका, पण सहा पानांत यजमानांचे मत आहे, दिरांचे आहे, चिरंजीवांचे आहे, गॅरेजवाल्याचेही आहे. सासूबाईंचे मत एका ओळीतही नाही. त्यांना कोणी विचारले का? त्या म्हणाल्या, “मला हीच गाडी हवी,” तर जुने इंजिन दुरुस्त करावे. त्या म्हणाल्या, “गाडीचे राहू द्या, मला देवी दिसली म्हणजे झाले,” तर चांगली टॅक्सी ठरवावी आणि फियाटला घरी विसावा द्यावा. दोहोंपैकी कोणत्याही उत्तरात नव्या इंजिनाला जागा नाही.

ज्या वाचकांच्या घरी अशीच एखादी गाडी आहे, त्यांनाही आमचे हेच सांगणे. मूळ इंजिनाचा ब्लॉकच फुटला आणि दुरुस्तीची आशा संपली, तरच बदलाचा विचार करावा. तोही त्याच जातीच्या इंजिनाचा, आरटीओत आधी विचारून. काही कापू नये, जे जोडावे ते पुन्हा काढता येईल असे जोडावे, आणि उतरवलेले इंजिन भंगारात न घालता तेल लावून, गुंडाळून ठेवावे. पुढच्या पिढीला आपले मत चुकीचे वाटले तर तिला मागे फिरता आले पाहिजे.

पुढच्या नवरात्राला अजून अकरा महिने आहेत. रेडिएटर साफ करायला दोन दिवस पुरतात. सासूबाईंना विचारायला तर तेवढेही लागत नाहीत.