नदीकाठची घरे कोणाची?

पोर्तुगालमधील पोर्तो शहरात दोरू नदीच्या काठी रिबेरा ही प्राचीन वस्ती आहे. तेथील कित्येक घरे आज प्रवासी युगुलांना दोन-चार रात्रींपुरती भाड्याने मिळतात. खिडकीतून नदी दिसते आणि तिच्यावरील लोखंडी पूलही. त्या दृश्याचीच किंमत घेतली जाते. एकेकाळी याच वस्तीत एकेका अंधाऱ्या खोलीत एकेक कुटुंब राहत असे.

गोव्याच्या सत्याग्रहींवर लाठ्या-गोळ्या चालविणारी सालाझारने उभारलेली राजवट २५ एप्रिल १९७४ रोजी कोसळली. त्याच वर्षी रिबेरा-बारेदोची घरे रहिवाशांसाठी सुधारण्याकरिता सरकारने स्वतंत्र यंत्रणा नेमली. १९९६ मध्ये जुन्या पोर्तोला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सार्वजनिक पैशाने वस्ती सावरली. वाढलेले मोल मात्र मुख्यतः घरमालकांच्या पदरी पडले. धनकोंच्या अटींखाली २०१२ मध्ये जुन्या भाडेकरूंचे संरक्षण सैल झाले आणि २०१४ च्या कायद्याने पर्यटकांना घरे देणे सुलभ केले.

नोव्हेंबर २०१५ पासून तेथे समाजवादी पक्षाचे सरकार होते. बहुतेक शहरी भागांत अशा नव्या परवान्यांना स्थगिती देण्यास त्याला २०२३ उजाडावे लागले! हा विलंब समर्थनीय नव्हता. पुढच्याच वर्षी नव्या सरकारने ती स्थगिती उठविली. त्या वर्षी किमान वेतन महिना ८२० युरो होते. तेवढ्यावर संसार मांडू पाहणाऱ्या पोर्तोच्या युगुलाला नदीकाठी बिऱ्हाड कोठून मिळणार? नियमनाचे अधिकार आता नगरपालिकांकडे आले आहेत. ते वापरताना कायम राहणाऱ्या भाडेकरूचा हक्क प्रथम मानला गेला पाहिजे.