नव्वदचा पाढा

आमच्या लहानपणी शाळेत तीसपर्यंत पाढे पाठ करावे लागत. शिवाय पावकी, निमकी, सवायकी, दिडकी आणि औटकी हा परिवार वेगळाच. नव्वदचा पाढा मात्र कुठल्याच गुरुजींनी घेतला नाही. यवतमाळच्या पोराला तो कधी लागेल असे त्यांना वाटले नसावे. पण 2025 च्या डिसेंबरात डॉलरने नव्वदी ओलांडली, युरोने त्याआधीच शंभरी गाठली होती आणि पौंड एकशेवीसच्या घरात जाऊन बसला. तेव्हापासून आमच्या गावातली निम्मी मध्यमवर्गीय जनता हा पाढा घोकत बसली आहे. उरलेली निम्मी परदेशातून तो घोकूनच परत आली आहे.

या दोन्ही मंडळींशी आमचे भांडण आहे.

पहिला पक्ष थांबणारांचा. ‘अजून थोडं थांबा, रुपया सुधारू द्या,’ हे त्यांचे ब्रीद. आमच्या दारव्हा रोडवरचे एक निवृत्त काकाजी या पक्षाचे आजीव सभासद आहेत. रोज सकाळी पेपर उघडून ते आधी डॉलरचा भाव बघतात आणि मग निधनवार्ता. दोन्हीकडे पाहून त्यांना सारखेच समाधान होते की आज आपल्याला कुठेही जायचे नाही. आता यांना कोणी सांगावे, की 6 जून 1966 रोजी एका रात्रीत डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, तेव्हाही शहाणी माणसे ‘थांबा’च म्हणाली असणार. 1991 च्या जुलैत तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन झाले, तेव्हाही म्हणाली असणार. 1966 साली जो थांबला तो अजून थांबलेलाच आहे, आणि मधल्या काळात त्याचे गुडघे रुपयापेक्षा जास्त वेगाने घसरले. रुपयाला सावरायला रिझर्व्ह बँक तरी आहे. गुडघ्यांना फक्त तेल आहे.

दुसरा पक्ष जातो, पण उपाशी राहायला जातो. या पक्षाच्या बॅगेत चिवडा, शंकरपाळे, मेतकूट आणि लाल तिखटाची पुडी असते. त्याला आमची हरकत नाही. मेतकूट-भात रोममध्येही रुचकरच लागतो. हरकत आहे ती गुणाकाराला. कॉफी चार युरोची म्हटली की वहिनी पर्समधून कॅल्क्युलेटर काढतात, आणि भाऊ भर पॅरिसमध्ये ओरडतात, ‘काहून जी, या एवढ्याशा कपाले चारशे रुपये? एवढ्यात आपल्या स्टँडवर चाळीस चहा होतात!’ होतात, कबूल. पण स्टँडवर चाळीस चहा पिण्यासाठी कोणी विमानाने पॅरिसला जात नाही. चारशे रुपये वाचतात आणि दोन माणसे दुपारभर एकमेकांवर चिडून एका सुंदर नदीच्या काठी बसतात. आयुष्यभर भविष्यनिर्वाह निधीत पैसे टाकून ही दुपार विकत घेतलेली असते. ती अशी घालवणे याला काटकसर म्हणतात?

आणि गंमत अशी, की चारशे रुपयांसाठी रडणारी हीच माणसे ‘दहा दिवसांत सात देश’ अशी जाहिरात वाचून लाखांनी पैसे भरून येतात. सहलीत पैसा खातो तो प्रवास: विमान, बस, रोजचे नवे हॉटेल. सात देश म्हणजे सात वेळा बॅग भरणे आणि सात वेळा उघडणे. पाहिलेल्या गोष्टींत बसची खिडकी सर्वांत जास्त. रुपया पडला की शहरे कमी करावीत, जेवण नव्हे. एकच शहर घ्या, त्यात आठ दिवस राहा. लग्नाला आल्यासारखे नका राहू, बदली होऊन आल्यासारखे राहा. तिसऱ्या दिवशी भाजीवाला कळतो, चौथ्या दिवशी बस कळते, आणि पाचव्या दिवसापासून पैसे आपोआप वाचू लागतात.

शहर निवडतानाही आमची माणसे फक्त डॉलरकडे बघतात. रुपया डॉलरपुढे पडला म्हणजे जगात सगळ्यांपुढे पडला असे नव्हे. जपानचा येन 2024 साली डॉलरमागे 160 च्याही पलीकडे घसरला. 1986 नंतर इतका खाली तो गेला नव्हता. म्हणजे आपल्याबरोबर पडणाराही कोणीतरी असतो, त्याच्या घरी जावे. व्हिएतनाममध्ये तर एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग मिळतात. तिथे पाढा उलटा म्हणावा लागतो आणि माणूस क्षणभर जमीनदार होतो.

लंडन-पॅरिसच हवे असेल, कारण लेक तिथे आहे, तर तेही जमते. लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी यांचा कायमचा संग्रह फुकट पाहता येतो. पॅरिसच्या लूव्हरने जानेवारी 2026 पासून युरोपाबाहेरच्या पाहुण्यांना तिकीट 32 युरो केले, म्हणजे माणशी तीन हजारांच्या वर. पण त्याच गावात पती पॅले आणि कार्नाव्हाले या नगरपालिकेच्या संग्रहालयांचा कायमचा संग्रह विनामूल्य आहे. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. उन्हाळ्यात नळाची वाट पाहिलेल्या यवतमाळकराला तर ते प्रेक्षणीय स्थळच वाटेल. इटलीत कॉफी उभ्याने प्यावी, बसलात की भाव बऱ्याच ठिकाणी वाढतो. हॉटेल गावाबाहेर स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. वाचलेले पैसे रेल्वे खाते, वर रोज दोन तास खाते.

आणि खरा चोर ओळखा. विमानतळावरच्या नोटा बदलून देणाऱ्या खिडकीत बहुधा सर्वांत वाईट भाव असतो. दुकानातले यंत्र गोड बोलून विचारते, ‘बिल रुपयांत देता की इथल्या चलनात?’ रुपया म्हटले की आपल्याला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटते आणि आपण बटण दाबतो. तिथेच फसतो. तो भाव यंत्रवाल्याच्या सोयीचा असतो. नेहमी तिथलेच चलन निवडावे. आपले कार्ड परदेशात किती टक्के जादा घेते हे निघण्यापूर्वी बँकेत विचारून घ्यावे. अनेक कार्डे तीन-साडेतीन टक्के घेतात. कॉफीवर डोळे वटारणारे भाऊ इथे निमूटपणे सही करतात.

‘कास्तकारांच्या जिल्ह्यात राहून हे चोचले शोभतात का?’ असा प्रश्न येणारच. उत्तर देतो. रुपया पडला की परदेशचा कापूस महाग व्हावा आणि आमच्या वणी-पांढरकवड्याच्या कापसाला बरे दिवस यावेत, असे अर्थशास्त्र म्हणते. पण 2025 च्या ऑगस्टात सरकारने आयात कापसावरचे 11 टक्के शुल्क उठवले, आणि ती सवलत वर्षअखेरपर्यंत लांबवली. म्हणजे रुपया पडल्याचा तोटा तुमच्या-आमच्या खिशाला पुरेपूर आणि फायदा शेताच्या धुऱ्यावर अडलेला. रागवायचे असेल, राजेहो, तर यावर रागवा. मोर्चा काढा, निवेदन द्या. पॅरिसच्या वेटरवर रागवून त्याचा काय उपयोग? त्याला पांढरकवडा कुठे आहे हे ठाऊक नाही.

सत्तरच्या दशकात परदेशी निघालेल्याला सरकार हातावर आठ डॉलर ठेवत असे. आज वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत नेण्याची मुभा आहे. आमच्याकडे तेवढे नाहीत ही गोष्ट वेगळी. पण जेवढे आहेत तेवढ्यांचा हिशेब निघण्यापूर्वी घरी, जमिनीवर बसून, एकदाच करावा. रक्कम ठरवावी, वहिनींचा कॅल्क्युलेटर कपाटात ठेवून किल्ली शेजारी द्यावी. आणि एकदा तिथे गेल्यावर चार युरोची कॉफी ही चार युरोचीच प्यावी. गुणिले शंभर केल्याने तिची चव एका पैशानेही वाढत नाही.