लखनौनंतर जर्मनीची भिंत

भारताच्या ज्युनियर हॉकी संघाने १८ डिसेंबर २०१६ रोजी लखनौमध्ये बेल्जियमला २-१ असे नमवून विश्वकरंडक जिंकला, तेव्हा होबार्टमधील २००१च्या विजेतेपदानंतरची पंधरा वर्षांची प्रतीक्षा संपली. त्यानंतर तीन स्पर्धा झाल्या आणि तिन्ही वेळा आपला संघ उपांत्य फेरीत जर्मनीकडूनच हरला. भुवनेश्वरला २०२१मध्ये २-४, क्वालालंपूरला २०२३मध्ये १-४, चेन्नईत २०२५मध्ये १-५. प्रतिस्पर्धी तोच, टप्पा तोच आणि गोलफरक वाढता. याला दुर्दैव म्हणता येणार नाही.

लखनौचे यश हे एका तुकडीचे यश होते. हरेंद्र सिंग यांच्याकडे २०१४पासून हा संघ होता. २००५मध्ये रॉटरडॅमला स्पेनविरुद्ध पेनल्टी स्ट्रोकवर कांस्यपदक हुकले, तेव्हाही प्रशिक्षक तेच होते. ते शल्य त्यांच्या मनात होते. दुसरे असे, की त्या काळात हॉकी इंडिया लीग सुरू होती. हरमनप्रीत सिंग विशीच्या आतच दबंग मुंबईकडून परदेशी खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून खेळत होता. २०१७नंतर ही लीग बंद पडली, ती डिसेंबर २०२४मध्येच पुन्हा सुरू झाली. म्हणजे २०२१ व २०२३च्या तुकड्यांना ती शाळाच मिळाली नाही. पहिल्या तुकडीचे तर करोनामुळे दौरेही बुडाले. एकवीस वर्षांखालील संघ दर वेळी जवळजवळ नव्याने उभा करावा लागतो. त्यात प्रशिक्षकही बदलत गेले. ग्रॅहम रीड, मग सी. आर. कुमार, मग श्रीजेश.

आशियातील यशाने मात्र आपली फसगत होते. ज्युनियर आशिया करंडक आपण २०२३ व २०२४मध्ये जिंकला, दोन्ही अंतिम सामन्यांत पाकिस्तानला हरवून. विश्वकरंडकाच्या साखळीतही हेच घडते. २०२५मध्ये चिली, ओमान व स्वित्झर्लंडविरुद्ध आपण २९ गोल केले, एकही स्वीकारला नाही. ओमानवर १७ गोल चढवून बचावफळीची कोणती परीक्षा होणार? पहिली खरी कसोटी उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमविरुद्ध लागली आणि तेथे शूटआउटपर्यंत झुंजावे लागले.

क्वालालंपूरचा पराभव अधिक बोलका आहे. त्या सामन्यात भारताला बारा पेनल्टी कॉर्नर मिळाले आणि एकाचाही गोल झाला नाही. जर्मनीने मिळालेले दोन्ही सत्कारणी लावले. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या वर्तुळात नेण्याची कला आपल्याकडे आहेच. पुढचे काम ठरावीक रचनेच्या सरावाचे आहे, आणि तो सराव दडपणाच्या सामन्यांतूनच पक्का होतो.

चेन्नईत अर्जेंटिनाविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून अखेरच्या सत्रात चार गोल करून श्रीजेशच्या संघाने कांस्यपदक मिळवले. ते अभिमानास्पदच होते. परंतु त्यानंतर झालेल्या जल्लोषात आदल्या सामन्यातील १-५ची चर्चा फारशी कोणी केली नाही.