कॉर्नर, व्ह्यू आणि बाबांची खुर्ची

कॉर्नरचा प्लॉट म्हणजे लॉटरी, असं जो कोणी म्हणतो ना, त्याला एकदा आमच्या प्लॉटवर आणून उभं करायचंय मला. भर दुपारी. टोपीशिवाय.

धायरीच्या पुढे सव्वातीन गुंठ्यांचा हा तुकडा बाबांनी 1994 मध्ये घेतला. दोन रस्ते जिथे मिळतात, त्या बेचक्यातला त्रिकोण. तेव्हा तिथे फक्त गवत होतं. आता एका बाजूने सोसायटीचा रस्ता, दुसऱ्या बाजूने रिक्षा, टँकर आणि स्कूलबस. पण टोकावर उभं राहिलं, की समोर नैर्ऋत्येला अख्खा सिंहगड. टीव्हीच्या टॉवरसकट! पावसाळ्यात ढग गडावरून खाली उतरताना दिसतात. त्या व्ह्यूने मी फुल्ल फ्लॅट झालो आणि डोक्यात एकच चित्र फिक्स झालं : टोकावर जमिनीपासून छतापर्यंत काच, मध्ये खांब नाही, हातात कॉफी. माझ्या फोनमध्ये अशा घरांचे दोनशे तरी फोटो असतील. एकाही फोटोत पंखा दिसत नाही, हे बायकोने सांगेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आमची आर्किटेक्ट म्हणजे कॉलेजातली माझी सीनियर. तिने फोटो बघितले, काही बोलली नाही, आणि प्लॉटच्या नकाशावर पेन्सिलने दोन रेघा मारल्या. दोन रस्ते म्हणजे दोन्हीकडून जागा सोडायची, आमच्या केसमध्ये तीन-तीन मीटर. या दोन पट्ट्या टोकाकडे एकमेकींना भेटतात, त्यामुळे घराचं टोक प्लॉटच्या टोकापासून चक्क सहा मीटर आत सरकतं. शेजाऱ्याच्या बाजूची जागा सोडून झाली की सव्वातीन गुंठ्यांपैकी बांधायला निम्म्याहून कमी उरते. लॉटरी म्हणे!

त्यात एका नातेवाइकांनी वास्तुवाले काका पाठवले. त्रिकोणी प्लॉट बघून त्यांचा चेहरा असा झाला, की आम्हीच त्यांना पाणी दिलं. नैर्ऋत्य जड हवी, बंद हवी, असा त्यांचा हुकूम. म्हणजे सिंहगडासमोर भिंत! मी मनातल्या मनात त्यांना कोपरापासून नमस्कार केला. (या काकांची आठवण पुढे पुन्हा येणार आहे, थोडं थांबा.)

पण खरं टेन्शन प्लॉटचं नव्हतंच. खरं टेन्शन होतं बाबांचं. आई गेल्यापासून ते सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे बोंबलतायत. घर बांधायचं ठरलं तेच मुळी त्यांनी आमच्याकडे यावं म्हणून. आणि ते प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणायचे, ‘‘तुम्ही बांधा रे, मी इथेच बरा.’’ जमीन त्यांची, पीएफचे पैसे त्यांचे, आणि येणार मात्र नाहीत. का, ते सांगणार नाहीत. मला वाटलं होतं, एकदा तो व्ह्यू दाखवला की विरघळतील.

आर्किटेक्ट म्हणाली, ‘‘काकांना प्लॉटवर घेऊन ये. एक प्लॅस्टिकची खुर्ची आण. आणि महिनाभर दर रविवारी वेगवेगळ्या वेळी नुसते बसा.’’ मला वाटलं ही मस्करी करतेय. पण बाबा भूगोलाचे मास्तर, त्यांना हा होमवर्क भयंकर आवडला. 13 मेच्या आसपास पुण्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली गायब होते, म्हणून त्यांनी ‘तेव्हा जायचंच’ असा हट्ट धरला. साडेबाराच्या सुमाराला बाबा काठीची सावली शोधतायत, मी पाण्याची बाटली डोक्यावर ओततोय आणि रस्त्यावरचा भाजीवाला आम्हा दोघांकडे बघतोय.

त्या रविवारांत मला जे कळलं, ते एकाही फोटोत नव्हतं. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर ऊन याच बाजूने भाजतं. जूनमध्ये पाऊस आला तो नैर्ऋत्येकडूनच, आडवा, छत्री उलटी करत. म्हणजे जिकडे व्ह्यू तिकडेच ऊन आणि तिकडेच पाऊस. माझा काचेचा कोपरा म्हणजे आठ महिने ओव्हन आणि चार महिने कार वॉश झाला असता. वास्तुवाले काका त्रिकोणाला घाबरले तो भाग सोडा, पण नैर्ऋत्येच्या भिंतीबाबत त्यांच्या बाजूला निदान थर्मामीटर तरी आहे.

या पेचावर मुंबईत एक फेमस उत्तर उभं आहे. कंबाला हिलवरची कांचनजंगा. चार्ल्स कोरिआ यांची बिल्डिंग, 1983 मध्ये पूर्ण झालेली, अठ्ठावीस मजले, बत्तीस फ्लॅट. मुंबईत समुद्र पश्चिमेला, वारा तिकडूनच, आणि दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. कोरिआंनी काय केलं? जुन्या बंगल्यांना चारी बाजूंनी व्हरांडा असायचा, तो उचलून हवेत नेला. बिल्डिंगचे कोपरेच कापून काढले आणि तिथे दोन मजली उंचीच्या गच्च्या ठेवल्या. लांबून बघितलं तर कोणीतरी केकचे तुकडे चोरल्यासारखी दिसते. म्हणजे जी जागा बिल्डरने सगळ्यात महाग विकली असती, तीच मोकळी सोडली. ऊनपाऊस तिथे दमतो आणि मग माणसं राहतात.

आर्किटेक्टने तोच फंडा आमच्या सव्वातीन गुंठ्यांत घुसवला. खोल्या सगळ्या सरळ चौकोनी, एका रस्त्याला समांतर. भिंती तिरक्या झाल्या की कपाटं लागत नाहीत आणि पलंगामागे धूळ साठते. जिथे जिथे वेडेवाकडे कोन उरले तिथे जिना, बाथरूम, वॉशिंग मशीन आणि दिवाळीच्या माळा ठेवायचं कपाट. आणि टोकाला, माझ्या काचेच्या जागी, आठ फूट खोल व्हरांडा. छप्पर पुढे आलेलं, बाजूंना जाळीच्या विटा. एप्रिलमधलं चार वाजताचं ऊन व्हरांड्यातच अडतं. डिसेंबरात सूर्य खाली कलतो तेव्हा जरासं ऊन हॉलमध्ये येतं, आणि तेव्हा ते हवंच असतं. वळणाऱ्या गाड्यांचे हेडलाइटही जाळीवरच अडकतात. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. कॉर्नरवर राहायचं म्हणजे रात्रभर भिंतीवर फुकट सिनेमा.

मी भांडलो. खोटं कशाला सांगू, चांगला दोन आठवडे भांडलो. व्हरांडा म्हणजे ‘आजोबांचं घर’ वाटतं, असंही बोलून गेलो. त्यावर बायको म्हणाली, ‘‘अरे, मग ते कोणासाठी बांधतोयस?’’

विषय तिथे संपला नाही. तो पुढच्या रविवारी संपला. पाऊस थांबला होता, बाबा खुर्चीवर, मी मागे फोनवर. सहज वर बघितलं तर सिंहगडावरचे ढग बाजूला झालेले, काय दिसत होता गड! आणि बाबांची पाठ गडाकडे. त्यांनी खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड केलं होतं. स्कूटरवरून कोण उतरतंय, टँकर कोणाकडे वळतोय, भाजीवाला मेथीचा भाव काय सांगतोय, सगळं चालू होतं. भाजीवाल्याला ते नावाने हाक मारत होते. चार रविवारांत!

‘‘बाबा, गड बघा ना.’’

‘‘बघितला रे. तो कुठे जातोय?’’ मग थोड्या वेळाने, रस्त्याकडे बघतच, ‘‘तिकडे तिसऱ्या मजल्यावर दिवसभरात दार वाजतं ते फक्त कुरिअरवाल्याचं. इथे तुम्ही दोघं सकाळी ऑफिसला गेलात की मी त्या काचेतून काय बघू? डोंगर?’’

मी काही बोललो नाही. आर्किटेक्टला फोन लावला.

प्लॉटला टोकाकडे तीनेक फूट उतार आहे. तिने वरच्या रस्त्याकडून दार दिलं, एकही पायरी न ठेवता. तिथून बाबांची खोली, हॉल आणि व्हरांडा, सगळं एका सपाटीत. चालत गेलं की टोकाशी आपण आपोआप रस्त्यापेक्षा तीन फूट वर येतो, वाड्याच्या ओट्यासारखे. रस्त्यावरच्या माणसाशी बोलता येतं आणि आरडाओरडाही करावा लागत नाही. कोपऱ्यावर कंपाउंडची भरीव भिंत ठेंगणीच ठेवावी लागते, वळणाऱ्या गाडीला पलीकडचं दिसावं म्हणून. त्यामुळे मेथीही दिसते. माझ्या व्ह्यूसाठी वरच्या खोलीला एक खिडकी आहे, चार फूट बाय चार फूट, खोल कोनाड्यात. बसायला जागा आहे. एका माणसाची. ठीक आहे यार.

बाबा अजून ‘येतो’ म्हणालेले नाहीत. पण मागच्या बुधवारी रात्री पावणेदहाला त्यांचा फोन आला. मागे टेपची पट्टी गुंडाळल्याचा खर्रर्र आवाज.

‘‘ऐक, आईचा झोपाळा मोजला आत्ता. साडेपाच फूट लांब आहे. त्या पोरीला विचार, व्हरांड्यात रस्त्याकडे तोंड करून बसतो का. आणि कड्या स्लॅब टाकायच्या आधीच ठेवायला सांग, नंतर ड्रिल करत बसतील.’’