टोला हाणला, पण नेम चुकला

तत्त्वज्ञ डेव्हिड बेनाटार यांच्या ‘जन्माला घालणेच चूक’ या जन्मविरोधी मताला ‘मग हे गृहस्थ स्वतः कसे जगतात?’ असा टोला गेल्या अंकातील पत्रलेखकाने हाणला आहे. या प्रश्नाचे उत्तर बेनाटार यांच्या २००६च्या ‘बेटर नेव्हर टू हॅव बीन’ या पुस्तकातच आहे: आयुष्य सुरू करणे आणि सुरू झालेले चालू ठेवणे यांच्या कसोट्या वेगळ्या.

खरी गोम पुढेच आहे. न जन्मलेल्याचे दुःख टळले हे चांगले, पण त्याचे सुख हुकले हे वाईट नाही, असे ते म्हणतात. मग जो नाहीच, त्याच्या खात्यावर फक्त जमाच कशी? वाद घालायचा तर इथे घालावा.

— एक वाचक, सातारा