मातीचे रेडे आणि पडद्यावरची विमाने

1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि अनेक पेढ्यांवर नवा संगणक आला. वर्षानुवर्षे रोजमेळ, खतावणी आणि बिले सांभाळणारा जुना संगणक मग घरी आला. अशाच एका आडत व्यापाऱ्याच्या घरातील हा प्रसंग आहे. विंडोज एक्सपीवर चालणारा, 512 एमबी रॅमचा तो संगणक बारा वर्षांच्या नातवाच्या वाट्याला आला. मुलाला विमानांचे विलक्षण वेड. आकाशात विमानाचा आवाज आला की तो ताटावरून उठून गच्चीवर धावत असे. मोठेपणी वायुसेनेत जायचे, हेही त्याने ठरवून टाकले होते. त्याची मागणी एकच होती: या संगणकावर चालेल असा लढाऊ विमानांचा खेळ हवा.

दादीजींनी ऐकताक्षणीच नकार दिला. ज्या घरात सूर्यास्तानंतर जेवण होत नाही, पाणी गाळल्यावाचून वापरले जात नाही, त्या घरात बाँब टाकण्याचा खेळ कशाला, असा त्यांचा सवाल होता. नातवाचे उत्तर तयार होते, ‘‘दादीजी, त्यात खरे कोणीच मरत नाही. नुसती चित्रे असतात.’’

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. दादाजी लगेच काही बोलले नाहीत. आयुष्यभर धान्याची पारख केलेल्या त्या गृहस्थांनी एवढेच सांगितले, ‘‘माल पाहिल्याशिवाय भाव सांगू नये. आधी खेळ पाहू, मग ठरवू.’’

पुण्याला अभियांत्रिकी शिकणारा आतेभाऊ रविवारी घरी आला, तेव्हा शोध सुरू झाला. त्याने प्रथम यंत्र उघडून पाहिले आणि स्पष्ट केले की आजचे विमानखेळ यावर चालणार नाहीत; त्यांना 64 बिटची प्रणाली, कित्येक पट अधिक रॅम आणि सामर्थ्यवान ग्राफिक्स कार्ड लागते. जुन्या यंत्राला जुनाच खेळ शोधावा लागतो आणि त्याच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट 2000 सालाच्या आसपास विंडोजसाठी निघालेल्या खेळांची. मायक्रोसॉफ्टचा ‘कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर’ 1998 मधला, तर ‘आयएल-टू स्टुर्मोव्हिक’ 2001 मधला. दोन्हींत दुसऱ्या महायुद्धातील विमाने आहेत. दुसरी वाट त्याहून जुन्या, डॉस प्रणालीवरच्या खेळांची. त्यांच्यासाठी ‘डॉसबॉक्स’ नावाचा विनाशुल्क प्रोग्रॅम मिळतो. तो संगणकाच्या आतच एक जुना संगणक उभा करतो आणि त्याचा वेगही कमी करतो. त्या काळच्या काही खेळांचा वेग प्रोसेसरच्या वेगावर अवलंबून असे. म्हणून ते नंतरच्या यंत्रावर तसेच चालवले, तर विमान डोळ्यांदेखत सुसाट निघून जाते. जॉयस्टिकची घाई करू नये, असेही त्याने बजावले. जुन्या जॉयस्टिकला पंधरा पिनांचे कनेक्शन लागते, नव्या यूएसबीवर चालतात, आणि डॉसच्या बहुतेक खेळांना की-बोर्ड पुरतो.

नातू म्हणाला, ‘‘मित्राकडे सीडी आहे. तो उद्याच कॉपी करून देईल.’’

दादाजींनी विचारले, ‘‘बिल मिळेल का?’’

मुलाला हसू आले. पण प्रश्न थट्टेचा नव्हता. अचौर्य अणुव्रतात स्वतः चोरी करणे तर बसत नाहीच, चोरीचा माल घेणेही त्याच्या अतिचारांत मोजले जाते, हे व्यापारी घरातील प्रत्येकाने ऐकलेले असते. धान्याच्या पोत्याला जो नियम, तोच सीडीला का नसावा? तीस वर्षांपूर्वीचा खेळ आता कोण विचारतो, असे म्हणून अनेक जण तो कोठूनही उतरवून घेतात. वस्तू जुनी झाली म्हणून तिचा मालक नाहीसा होत नाही. अखेर आतेभावाने अधिकृत विक्रेत्याकडून खेळ विकत घेतला, पावती दादाजींना दाखवली आणि फाइली पेनड्राइव्हवर आणून दिल्या.

तो खेळ होता मायक्रोप्रोज कंपनीचा 1988 मधला ‘एफ-19 स्टेल्थ फायटर’. त्या काळी अमेरिकेचे रडारला चकवणारे विमान गुप्त होते, म्हणून खेळाच्या कर्त्यांनी आपल्या कल्पनेने विमान रचले. एफ-19 या नावाचे विमान प्रत्यक्षात नव्हते. सुरुवातीलाच खेळ एका विमानाचे चित्र दाखवून त्याचे नाव विचारतो. उत्तर सोबतच्या पुस्तिकेत असते. ज्याने खेळ खरेदी केला आहे त्याच्याकडेच पुस्तिका असणार, हा त्यामागचा हिशेब. दादाजींना ही युक्ती फार आवडली.

पुढचा पडदा मात्र तितका सोपा नव्हता. कोठे उड्डाण करायचे ते निवडायचे होते. लिबिया, पर्शियन आखात, उत्तर युरोपातील नॉर्थ केप, मध्य युरोप अशी नावे होती. नकाशा पाहता पाहता नातवाने विचारले, ‘‘दादाजी, लिबिया हा खरा देश आहे?’’

‘‘खरा आहे.’’

‘‘तिथे माणसे राहतात?’’

‘‘आपल्यासारखीच राहतात. त्यांच्याही पेढ्या असतील, शाळा असतील.’’

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. त्या दिवशी खेळ पुढे गेला नाही. संध्याकाळी दादाजींनी त्याला कालसौकरिकाची कथा सांगितली. राजगृहीत कालसौकरिक नावाचा खाटीक रोज पाचशे रेडे मारीत असे. एक दिवस तरी त्याची हिंसा थांबावी म्हणून श्रेणिक राजाने त्याला कोरड्या विहिरीत कोंडून ठेवले. राजाला वाटले, आज हत्या टळली. भगवान महावीरांनी मात्र सांगितले की ती टळलेली नाही. विहिरीतल्या मातीचे पाचशे रेडे करून त्याने ते तिथेच मारले. मातीच्या रेड्यांना वेदना झाली नाही, रक्त सांडले नाही. परंतु मारण्याचा भाव जसाच्या तसा राहिला. जैन विचार द्रव्यहिंसा आणि भावहिंसा वेगळी मानतो ती याचसाठी.

‘‘म्हणजे पडद्यावरचे विमान हे मातीचे रेडे,’’ नातू म्हणाला. मग त्याने विचारले, ‘‘पण मग वायुसेनेतील वैमानिकांचे काय? मी वायुसेनेत जायचेच नाही का?’’

हा प्रश्न खेळापेक्षा मोठा होता. दादाजींनी घाईने उत्तर दिले नाही. त्यांनी भगवतीसूत्रातील वरुणाची हकिकत सांगितली. वैशालीचा हा व्रतधारी श्रावक राजाज्ञेमुळे रथमुसल संग्रामात उतरला. मात्र जो आधी प्रहार करील त्याच्यावरच प्रहार करायचा, असा त्याचा नियम होता. समोरच्या योद्ध्याने प्रथम बाण मारला, मगच त्याने धनुष्य उचलले. स्वतः घायाळ झाल्यावर त्याने रथ रणांगणाबाहेर नेला आणि शांतपणे अंतिम आराधना केली. गृहस्थाला आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही. तीही हिंसाच असते, तिचा खेद असावा लागतो. संकल्पपूर्वक केलेली हिंसा मात्र श्रावकाने सोडायचीच असते. ‘‘वरुण युद्धात गेला, पण त्याने युद्धाची मौज केली नाही,’’ दादाजी म्हणाले. ‘‘देशाचे रक्षण करायला पुढे तू गेलास तर मी अडवणार नाही. मारण्याची चटक लागलेला मुलगा मात्र मला तिथेही नको आणि पेढीवरही नको.’’

दुसऱ्या दिवशी दोघांनी खेळाची पुस्तिका सोबत वाचली. तेव्हा असे दिसले की त्यात सर्वच मोहिमा बाँबफेकीच्या नाहीत. काहींत विमानात कॅमेरा घेऊन, रडारच्या नजरेतून सुटत ठरलेल्या जागेचे छायाचित्र काढून परत यायचे असते. महिनाभर अशाच मोहिमा खेळायच्या, रोज अर्धा तास, आणि संगणक दिवाणखान्यातच राहील, असे ठरले. दादीजींची संमती अर्धीच होती, पण त्यांनी अडवले नाही.

त्या महिन्यात मुलगा पुष्कळ शिकला. विमानाचे नाक फार वर उचलले की वेग घटतो, पंखांवरील उचल तुटते आणि विमान खाली येते, हे त्याला दहा अपघातांनंतर कळले. उड्डाणापेक्षा धावपट्टीवर उतरणे अवघड असते, हेही कळले. दादाजी शेजारी बसून उंचीचा आकडा मोठ्याने वाचून दाखवत.

पर्युषणाच्या आधी दोन दिवस मुलगा आपणहून दादाजींजवळ आला. घरात कोणी नसताना त्याने बाँबफेकीची मोहीम खेळली होती. ‘‘आणि मला फार मजा आली,’’ तो खाली मान घालून म्हणाला.

दादाजी रागावले नाहीत. मुलाने नियम मोडला याचे दुःख होते, पण त्याने भाव लपवला नाही याचे समाधान त्याहून मोठे होते. संवत्सरी प्रतिक्रमणानंतर घरातील सर्वांनी एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. तेव्हा मुलाने हळूच विचारले, ‘‘त्या खेळात कोणी मेलेच नाही, तर क्षमा कोणाची मागू?’’

उत्तर दादीजींनी दिले, ‘‘नकाशावर ज्या गावाचे नाव वाचलेस, तिथल्या माणसांची मनातल्या मनात माग. माणसे तर खरी आहेत ना?’’

मुलांसाठी खेळ शोधताना घराघरांत हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो. सरसकट बंदी घातली की मूल मित्राच्या घरी जाऊन खेळते. सरसकट मोकळीक दिली की त्याच्या मनात काय रुजते आहे, ते कोणालाच कळत नाही. अनर्थदंडविरमण व्रत निष्प्रयोजन पापापासून दूर राहायला सांगते आणि दुसऱ्याचे वाईट चिंतणे, म्हणजे अपध्यान, त्यात पहिले मोजले जाते. म्हणून खेळ घेण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. खेळ योग्य मार्गाने विकत घेतलेला आहे का? त्यात गुण कशाचे मिळतात, कौशल्याचे की संहाराचे? आणि खेळून उठल्यावर मुलाचे मन कसे असते? पहिल्या दोन गोष्टी पावतीवर आणि पुस्तिकेत सापडतात. तिसरीसाठी मुलाशेजारी बसावे लागते.

लढाईशिवाय नुसते विमान उडवण्याचे खेळही फार जुने आहेत. मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ 1982 साली आला आणि त्याच्या नंतरच्या काही आवृत्त्या विंडोज एक्सपीच्या संगणकावर व्यवस्थित चालतात. दिवाळीला त्या घरात त्याचीच एक प्रत आली. पावती रीतसर फाइलीला लावली गेली, आणि पहिले विमान धावपट्टीवर उतरवायला या वेळी दादीजीही शेजारी बसल्या.